‘खुलासा’ मागितला आणि अर्ज परत आला

मंडळी, एक शब्द अडलाय. खरं तर शब्दानेच माझा अर्ज अडवलाय.

परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर छोटं वाचनालय आहे, त्याची मी चिटणीस. परिरक्षण अनुदानाचा, म्हणजे वाचनालय चालवायला सरकार देतं त्या पैशांचा, हप्ता लांबला की बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, “आपलंच रखडतं, बाजूच्या व्यायामशाळेला बरे पैसे येतात.” यंदा मी म्हटलं, रोज कुजबुजण्यापेक्षा एकदा विचारून टाकू. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला: ‘आपल्या कार्यालयाने गेल्या ३ वर्षांत या विभागातील संस्थांना दिलेल्या अनुदानाचा खुलासा करावा.’

२९व्या दिवशी उत्तर आलं. दीड ओळीचं. ‘खुलासा करणे ही बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही.’ खाली सही, शिक्का. शिक्का मात्र ठळक.

मला वाटलं होतं खुलासा म्हणजे उघड करणं, जाहीर करणं. टीव्हीवर तर दिवसाला दहा ‘धक्कादायक खुलासे’ होत असतात. मग चुकलं कुठे? आणि सरकारने कोणाला किती पैसे दिले हे लोकांसमोर मांडायचं, त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? प्रकटन, प्रकटीकरण, प्रसिद्धी, जाहीर करणे, उघड करणे... कोशात सगळेच शेजारी शेजारी बसलेत आणि एकमेकांचे अर्थ सांगतायत.

*

मुलुंडहून उत्तर:

ताई, मी मंत्रालयात कारकून म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या दीड ओळीत शहाणपणा नाही, पण व्याकरण आहे, हे आधी कबूल करतो.

आमच्याकडे ‘खुलासा’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा. ‘आपण दि. अमुक रोजी विनापरवानगी गैरहजर होतात, ३ दिवसांत खुलासा सादर करावा.’ खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. का केलंस, का नाही केलंस, त्याचं उत्तर. शब्द मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ सार, निष्कर्ष. मराठीत तो स्पष्टीकरणावर स्थिरावला. (आमच्या आजीच्या तोंडी तो फक्त एरंडेल घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी यायचा. ‘आज खुलासा झाला.’ तोही अर्थ जुनाच आहे, हसू नका.) गुपित बाहेर फुटणं हा अर्थ हिंदी वाहिन्यांवरून आपल्या वाहिन्यांवर आला. आपल्याकडे त्याला ‘गौप्यस्फोट’ असा चांगला दणदणीत शब्द आहे.

आता तुमच्या अर्जाचं. माहिती अधिकारात कार्यालयाकडे जे कागदोपत्री आहे ते मिळतं. एखादी गोष्ट ‘का’ केली, याचं समर्थन मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली हे स्पष्ट केलंय आणि तेव्हापासून प्रत्येक माहिती अधिकाऱ्याला तो निवाडा तोंडपाठ आहे. बाकीचे निवाडे तितकेसे नाहीत, ते सोडा. तुम्ही ‘खुलासा’ लिहिलंत, त्याने ‘का’ वाचलं, आणि फाईल बंद. त्याला तुमचं म्हणणं कळलं नसेल असं मात्र मी म्हणणार नाही.

‘यादी’ मागा. ‘प्रत’ मागा. ‘नोंदवहीतील उतारा’ मागा. हाताने उचलून देता येईल अशी वस्तू मागितली की टोलवता येत नाही.

*

दादरहून:

मुलुंडच्या काकांशी सहमत, पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. मी भाषांतराची कामं करते, तेव्हा माझे चार आणे.

‘उघड करणे’ नको. उघडकीस चोऱ्या येतात. ‘चव्हाट्यावर आणणे’ तर त्याहून नको. वास्तविक चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, गावाचं काही सांगायचं तर तिथेच सांगायचे. आता चव्हाट्यावर फक्त भांडणं आणि अब्रू येते. सगळ्यांसमोर मांडायचे आपले शब्द एकेक करून बदनाम झालेत. ‘जाहीर’ तेवढा टिकून आहे, पण त्यालाही सभा आणि निषेध चिकटलेत.

‘प्रकटन’ चांगला आहे, पण मुंबईकराला तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच भेटतो. ‘जाहीर प्रकटन: माझे अशील अमुक इमारतीतील सदनिका विकत घेत असून कोणाची हरकत असल्यास...’ त्यामुळे ‘अनुदानाचे प्रकटन’ वाचलं की कोणी अनुदान विकायला काढलंय असं वाटतं. ‘प्रकटीकरण’ मला हिंदी वळणाचा वाटतो. ‘प्रकट’पाशी देव उभा असतो, तो वेगळाच त्रास.

राहतो ‘प्रसिद्ध करणे’. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ बद्दलच्या शासकीय मराठीत हाच शब्द रुळलाय, स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध करायची माहिती. अडचण एकच. बोलीत प्रसिद्ध म्हणजे नामांकित. ‘अनुदान घेणाऱ्या प्रसिद्ध संस्था’ आणि ‘अनुदान घेणाऱ्या संस्था प्रसिद्ध’ यांत शब्द तेच, फक्त जागा बदलली आणि संस्थेची बढती झाली.

*

मुलुंडहून पुन्हा:

बाईंनी कलम ४ काढलंच आहे तर खरी गोम सांगतो. ‘चार एक ख’ म्हणतात त्याला आमच्यात. कलम ४(१)(ख). १७ बाबी प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या. २००५ चा कायदा, त्यासाठी मुदत दिली होती १२० दिवस. त्यातली बारावी बाब तुमच्या कामाची. इंग्रजी पाठात तिथे ‘सबसिडी’ आहे, मराठी पाठात ‘अर्थसहाय्य कार्यक्रम’, वाटलेल्या रकमा आणि ‘लाभाधिकाऱ्यांचा तपशील’. लाभाधिकारी! लाभ घेणारा तो लाभार्थी, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. लाभाधिकारी म्हटलं की लाभ घेणारा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. अनुवाद करणाऱ्याने विनोद केला नसणार, पण झालाय.

गंमत पुढे आहे. अर्थसंकल्पात पैसा ज्या शीर्षाखाली खर्ची पडतो त्याला ‘उद्दिष्ट’ म्हणतात, आणि प्रत्येक उद्दिष्टाला आकडा असतो. ३१ म्हणजे सहायक अनुदाने. ३३ म्हणजे अर्थसहाय्य. वेगवेगळी घरं. व्यायामशाळेला, वाचनालयाला, संस्थेला पैसे जातात ते सहसा ३१ मधून. शेतकऱ्याला अवजारावर, विजेवर सूट मिळते ती ३३ मधली. बोलताना मात्र आपण दोन्हीला ‘अनुदान’च म्हणतो. ठिबकचं अनुदान, गॅसचं अनुदान, शाळेचं अनुदान.

म्हणजे एखादा हुशार अधिकारी सहज म्हणू शकतो, ‘बारावी बाब अर्थसहाय्याची आहे, आम्ही सहायक अनुदान देतो, सबब आमचा तक्ता निरंक.’ मी हे ऐकलेलं आहे. कोणाकडून ते विचारू नका, निवृत्तिवेतन चालू आहे.

‘निरंक’ हा शब्द तर या सगळ्या चर्चेचा बाप. अंक नाही ते निरंक. १७ तक्ते छापलेले असतात, वर मथळा ‘अनुदान वाटप कार्यक्रमातील लाभार्थींची विस्तृत माहिती’, खाली रकाने: अनुक्रमांक, नाव, पत्ता, रक्कम. आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत तिरकी रेघ मारून मधोमध निळ्या शाईने ‘निरंक’. कायदा पाळला. माहितीही प्रसिद्ध झाली.

*

बोरिवलीहून:

अनुदानाबद्दल आम्हा शिक्षकांनाही दोन शब्द बोलू द्या, आम्ही त्या शब्दाखाली आझाद मैदानात रात्री काढल्यात. अनुदानित, विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, अंशतः अनुदानित. सरकारने २००९ मध्ये ‘कायम’ हा एक शब्द काढला तेव्हा आम्ही पेढे वाटले, कारण तो होता तोवर अनुदानाची वाटच बंद होती. पुढे २० टक्के, ४० टक्के असे टप्पे सुरू झाले. एका विशेषणावर लोकांची लग्नं अडलेली मी पाहिलीत. तेव्हा शब्दाने अर्ज अडला याचं मला फारसं नवल नाही.

*

चेंबूरहून:

थोडं अवांतर, पण ताई परळच्या आहेत म्हणून राहवत नाही.

अनुदान जाहीर करण्याचा मुंबईतला एक जुना दाखला परळलाच सापडलाय. शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख, शके ११०८, म्हणजे इ.स. ११८७. मजकूर संस्कृत, शेवट मराठी. माहवली गावातल्या एका वाडीचं ठरलेलं उत्पन्न, २४ द्रम्म (तेव्हाची नाणी), श्रीवैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची ही नोंद आहे. माहवली म्हणजे आमच्या चेंबूरपलीकडचं माहुल असं अभ्यासक मानतात. बघा, देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, कुठल्या उत्पन्नातून आणि कशासाठी, सगळे रकाने भरलेत. निरंक एकही नाही.

शेवटच्या मराठी ओळी धमकीच्या आहेत. जो कोणी ‘ए शासन लोपी’, त्याच्यावर सकुटुंब देवाचा कोप होईल आणि पुढे त्याच्या आईबद्दल गाढवासंबंधी जे लिहिलंय ते इथे टंकता येणार नाही. गधेगाळ म्हणतात त्याला. संस्कृत राजाला आणि भटजीला, मराठी मात्र थेट लोकांना.

शब्दचर्चेपुरतं एवढंच की इथे ‘शासन’ म्हणजे सरकार नव्हे. शासन म्हणजे ती आज्ञा, ते दानपत्रच. ताम्रशासन, शिलाशासन म्हणतात ते याच अर्थाने. दान दगडावर कोरून उभं केलं की तो दगडच शासन. आज ‘शासन निर्णय’ म्हणताना आपण देणाऱ्याला शासन म्हणतो.

*

परळहून, मी पुन्हा:

सगळ्यांचे आभार. काकांच्या सल्ल्याने अर्ज नव्याने लिहिलाय. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवायचा असतो, त्यामुळे कात्री लावत बसले:

‘दि. १ एप्रिल ते ३१ मार्च अशा गेल्या ३ आर्थिक वर्षांत आपल्या कार्यालयाने संस्थांना वितरित केलेल्या सहायक अनुदान, अर्थसहाय्य व अन्य कोणत्याही नावाने दिलेल्या रकमांची यादी (संस्थेचे नाव, रक्कम, प्रयोजन, वितरणाचा दिनांक) साक्षांकित प्रतीत मिळावी. तसेच संबंधित उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती मिळाव्यात.’

‘अन्य कोणत्याही नावाने’ हे शब्द माझे, त्यांचा मला जरा अभिमान आहे.

‘उपयोगिता प्रमाणपत्र’ लिहिताना हात थांबला. उपयोगिता म्हणजे उपयुक्तता ना? बारावीला अर्थशास्त्रात ‘घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत’ होता, त्यात दुसऱ्या आंब्याची गोडी पहिल्याहून कमी असं काहीतरी. मग या प्रमाणपत्राचा शब्दार्थ काय, पैसा उपयुक्त आहे असा दाखला? खर्च झाला, ठरलेल्या कामावरच झाला, हे कुठे आलं त्यात? पण सगळे हाच शब्द वापरतात, बोलताना तर नुसतं ‘यूसी’ (युटिलायझेशन सर्टिफिकेट), म्हणून तसाच ठेवला. शुद्ध शब्दापायी आणखी ३० दिवस घालवायची ताकद नाही.

*

दादरहून:

अर्ज छान. पण ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमच्या वाचनालयाचा बहुतेक खर्च सरकारी अनुदानातूनच चालतो ना? सरकारकडून भरीव पैसा घेणारी स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे सरकारी कार्यालयासारखीच माहिती द्यायला बांधलेली, ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षणसंस्थांच्या प्रकरणात म्हटलंय की भरीव म्हणजे निम्म्याहून जास्तच असं काही नाही. मग तुमच्या १७ बाबी कुठे लावल्यात?

*

परळहून:

रागावले नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही, एवढंच.

धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेबपत्रकं जातात, वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो. वाचला जातो म्हणजे कोषाध्यक्ष भराभर वाचतात, आम्ही ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो आणि बटाटेवड्याकडे बघतो. भिंतीवर मात्र काही नाही. हे खरं.

आणि आमच्याच चाळीत गणपतीत काय होतं? जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूने सगळं असतं. खोली क्र. १४, ५०१. खोली क्र. २२, २५१. खोली क्र. ९, बाकी. त्या ‘बाकी’पायी नऊ नंबरवाले दुसऱ्या दिवशी सकाळीच पैसे आणून देतात. विसर्जनानंतर त्याच फळ्यावर मांडवाचे किती, मूर्तीचे किती, शिल्लक किती. वर्गणी आपली म्हणून फळ्यावर, अनुदान सरकारचं म्हणून कपाटात, असा आमचा हिशेब आजवर होता.

काल तोच फळा पुसून वाचनालयाच्या दाराशी आणला. अनुदान हप्ता पहिला, मिळाल्याचा दिनांक, ग्रंथखरेदी, नियतकालिकं, सेवकाचा पगार, वीजबिल. रकमा लिहून झाल्या आणि वर मथळा काय लिहायचा यावर तिघांचे चार शब्द निघाले. मी म्हटलं ‘अनुदान विनियोगाची प्रसिद्धी’. कोषाध्यक्ष म्हणाले, ‘प्रकटन’. पेपर वाचायला येणारे एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अगं जमाखर्च लिही की. आणि ते वीजबिल एवढं कसं आलं, त्याचा खुलासा कर.”

मथळा ‘जमाखर्च’ लिहिलाय. वीजबिलाचं कोषाध्यक्ष बघतायत.