अनुदानाच्या घोषणा वाचून अर्ज करत सुटणं लहान संस्थांनी थांबवावं

सांजवात

गेली अकरा वर्षं एका छोट्या संस्थेचं कागदकाम माझ्याकडे आहे. पाच पगारी माणसं, वीसेक स्वयंसेवक. मागच्या वर्षी आम्ही नऊ ठिकाणी अर्ज केले, एक मंजूर झाला. त्या नऊ अर्जांत माझे आणि आमच्या समन्वयकाचे मिळून ६२ दिवस गेले. मिळालेल्या रकमेतून त्या दिवसांचा पगार वजा केला, पुढे तिमाही अहवालांना लागलेले दिवसही वजा केले, आणि खाली जो आकडा उरला तो बघून मला हसूच आलं.

तरी दर आठवड्याला कुणीतरी 'निधीची सुवर्णसंधी, आजच अर्ज करा' अशी यादी पाठवतंच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यादी वाचणाऱ्याचे दिवस कोण मोजतो?

मोठ्ठं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या 'यील्ड गिव्हिंग' या देणगी-उपक्रमाने खुले अर्ज मागवले तेव्हा ६,३५३ संस्थांनी अर्ज केले. मार्च २०२४ मध्ये निकाल लागला: ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर. आधी २५० जणांनाच द्यायचं ठरलं होतं, त्यामानाने हात सढळ सुटला. अटी न घालता दिलेला पैसा, तोही प्रत्येकी दहा किंवा वीस लाख डॉलर. यापेक्षा उदार काय असणार? तरीही सतरा-अठरा अर्जांमागे एक, आणि पात्रतेची अट अशी की वर्षाचा खर्च १० ते ५० लाख डॉलरच्या मधे हवा. म्हणजे आमच्यासारख्यांना दारातच 'पुढे जा'.

दुसरं दुखणं याहून मोठं. बहुतेक पैसा 'नावीन्यपूर्ण प्रकल्पा'ला मिळतो, चालू असलेल्या कामाला मिळत नाही. आमचा अभ्यासवर्ग नऊ वर्षं नीट चालतोय, त्याला कुणी विचारत नाही. त्यात टॅब्लेट घातले की लगेच विचारतात. मग संस्था टॅब्लेट घालते, तीन वर्षांनी पैसा संपतो, टॅब्लेट कपाटात जातात आणि अभ्यासवर्ग चालवणारी बाई नोकरी सोडून गेलेली असते.

म्हणून आता माझे तीन नियम आहेत. देणाऱ्याकडच्या माणसाशी आधी बोलणं झाल्याशिवाय अर्ज नाही. अनुदान नाही मिळालं तरी जे काम आम्ही करणारच आहोत, त्याच्यासाठीच अर्ज. आणि पगार-भाड्याचा वाटा मिळणार नसेल तर नमस्कार. सभासदांकडून थेंबे थेंबे गोळा केलेला पैसा मला जास्त आवडतो, त्याला अहवाल लागत नाही.

पाणवठा

ताई, सभासदांकडून थेंबे थेंबे गोळा करायला सभासदांच्या घागरीत पाणी असावं लागतं. आमच्या गटातल्या बायकांना आठवड्याला चार दिवस काम मिळालं तर तो चांगला आठवडा. त्यांच्याकडून वर्गणी मागू? लोकवर्गणीवर चाला हा सल्ला ऐकायला फार स्वाभिमानी वाटतो, पण त्याचा सरळ अर्थ असा की खातापिता समाज असेल तिथेच संस्था टिकणार. अनुदान हीच एक वाट आहे जिथे दुसरीकडचा पैसा आमच्यापर्यंत येतो.

आणि अर्ज लिहिण्यात वेळ वाया जातो असं तुम्ही म्हणता, तेही मला अर्धंच पटतं. आमचा पहिला अर्ज नापास झाला. पण तो भरताना आम्हाला पहिल्यांदा कळलं की आमच्याकडे किती बायका येतात याची नोंदच नाही. सगळ्या 'खूप' म्हणत होत्या. वही घातली, ठराव लिहायला लागलो, दोन सह्यांचं खातं उघडलं, हिशेब तपासून घेतले. दुसऱ्या वर्षी छोटी रक्कम मिळाली. ती मिळालीच नसती तरी वही राहिली असती.

सगळेच देणारे ३०० रुपयांच्या खर्चाला ३० पानं मागत नाहीत. ब्रिटनमधल्या नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाची 'अवॉर्ड्स फॉर ऑल' ही योजना बघा: ३०० ते २०,००० पौंड, आटोपशीर अर्ज, छोट्या गटांनाही जमेल असा. अर्ज करू नका असं सांगण्यापेक्षा असे अर्ज मागा असं का सांगत नाही?

उंटावरचा शहाणा

दोघीही भीकच मागताय, फक्त कटोरा वेगळा. धंदा करा. बांगलादेशातल्या ब्रॅकने 'आडोंग'ची दुकानं काढली, कारागिरांनाही काम मिळालं आणि संस्थेलाही उत्पन्न. कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

पाणवठा

उंटावरून खाली उतरून तारखा बघा. ब्रॅक १९७२ मध्ये सुरू झाली, 'आडोंग' १९७८ मध्ये. मधली वर्षं आणि नंतरचीही कितीतरी वर्षं देणगीदारांच्या पैशावरच उभी होती. दुकान काढायलाही भांडवल लागतं आणि पहिली दोन-तीन वर्षं तोटा सोसायला कुणीतरी लागतं. शिवाय प्रत्येक काम विकता येत नाही. मारहाण झालेल्या बाईला पोलीस ठाण्यात सोबत करण्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे? तिच्याकडून?

उंटावरचा शहाणा

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे. बाकी मुद्द्यांवर ठाम.

जुनी पारखी

सहा वर्षं एका निवड समितीत होतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून थोडं.

लोकांना वाटतं आम्ही कल्पनांची तुलना करायचो. पहिल्या चाळणीत कल्पना वाचलीच जात नाही. नोंदणीचा कागद नाही, लेखापरीक्षण जुनं, संस्थेच्या वर्षभराच्या खर्चाच्या चौपट रक्कम मागितलेली, किंवा आमची अट आहे ती सोडून भलत्याच विषयाचा प्रस्ताव. असे अर्ज बाजूला जायचे. उरलेल्यांना प्रत्येकी वीस मिनिटं मिळायची, आणि त्यातली पहिली पाच मी अंदाजपत्रकावर घालवायचो, कारण तिथे खरं कळतं. मजकुरात लिहिलंय 'प्रत्येक कुटुंबाला महिन्यातून दोनदा भेट' आणि अंदाजपत्रकात प्रवासखर्चाची ओळच नाही. मग भेट देणार कशी, उडत? एकदा तर प्रस्तावात आमच्या जागी दुसऱ्याच देणगीदाराचं नाव राहून गेलं होतं. आम्ही हसलो खरे, पण नंतर वाईट वाटलं. त्या माणसानेही सांजवात म्हणतात तसे ६२ दिवस घातले असणार.

म्हणून त्यांच्या हिशेबाशी सहमत. पण पहिला नियम मला खटकतो. 'आधी बोलणं झालं तरच अर्ज' म्हणजे काय? ज्याला फोन लावता येतो, ज्याची भाषा साहेबाला कळते, ज्याला कुणीतरी कुणाचा नंबर देतं, त्याचीच संस्था पुढे. आमच्याकडे खुला अर्ज नसता तर सहा वर्षांत दिलेल्या निम्म्या संस्थांचं नावही आम्हाला कळलं नसतं. खुली हाक खर्चिक आहे, मान्य. बंद दार त्याहून महाग पडतं, फक्त त्याचं बिल दुसऱ्याच्या नावाने फाटतं.

मधला रस्ता आहे. आधी दोन पानांची संकल्पना मागवायची, त्यातून निवडलेल्यांनाच लांबलचक प्रस्ताव लिहायला लावायचा. किंवा फ्रिडा या तरुण स्त्रीवादी गटांच्या निधीसारखं: अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचून मत देतात. (यील्ड गिव्हिंगच्या त्या फेरीतही पहिलं परीक्षण सहअर्जदारांनीच केलं होतं, हे सांजवात यांनी सांगितलं नाही.)

खतावणी

मी हिशेबनीस. संस्थांचे ताळेबंद बघून पोट भरतो, त्यामुळे भावनेचं तुमच्यावर सोडतो.

पैसा मंजूर होणं आणि पैसा वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही अनुदानं आधी खर्च करा, पावत्या दाखवा, मग परतफेड अशी असतात. हातात तीन महिन्यांचा खर्च शिल्लक नसलेल्या संस्थेने असं अनुदान घेणं म्हणजे उधारीवर समाजसेवा. काही ठिकाणी स्वतःचा वाटा घालावा लागतो, तो कुठून येणार हे मंजुरीच्या आनंदात कुणी विचारत नाही. आणि प्रकल्पापुरता बांधलेला पैसा बँकेत पडून असला तरी त्यातून वीजबिल भरलं की ते उद्देशबाह्य वापर होतं. ताळेबंदात लाखो रुपये दिसतात आणि पगार थकलेला असतो, अशा संस्था मी दर मार्चमध्ये बघतो.

आता वरखर्चाचं. भाडं, हिशेब, वीज, संचालकाचा वेळ हे सगळं 'प्रशासकीय' म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मूल्यांकन देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनीच, गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की वरखर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. फोर्ड फाउंडेशनने प्रकल्प-अनुदानातला हा वाटा १० वरून २० टक्के केला आणि नंतर २५. अमेरिकी संघीय अनुदानांत ज्यांनी वरखर्चाचा दर सरकारशी ठरवून घेतलेला नाही त्यांना त्यासाठी १० टक्के मिळायचे, ते ऑक्टोबर २०२४ पासून १५ झाले. उलट दिशेचंही उदाहरण आहे: भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद केलं. मोठ्या संस्थेच्या मागून छोट्यांपर्यंत जो झरा यायचा तो तिथे आटला.

नियम आपल्या हातात नाहीत, मांडणी आहे. संचालक आठवड्यातले दोन दिवस एका प्रकल्पावर घालवतो तर त्याच्या पगाराचा तेवढा हिस्सा त्या प्रकल्पाचा थेट खर्च आहे. तीन खोल्यांतली एक प्रकल्प वापरतो तर भाड्याचा तिसरा भाग त्याचा. हे वेळपत्रकासह, आधारासह लिहा. ही लबाडी नाही. लबाडी ती, जिथे खरा खर्च लपवून 'आमचा वरखर्च फक्त ४ टक्के' असं अभिमानाने छापतात.

आणि पाणवठा, तुमच्यासाठी एकच. एका देणाऱ्यावर विसंबू नका. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस थांबवली, मार्चमध्ये ही मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी यंत्रणेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं, जुलैत ती यंत्रणाच बंद झाली. ज्यांचा अर्ज उत्तम होता, अहवाल वेळेवर होते, ज्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांचेही दवाखाने बंद पडले.

सांजवात

पारखी, बोललात ते लागलं. आमच्या विश्वस्तांपैकी एकाला सगळीकडे ओळख आहे, म्हणून 'आधी बोला' मला सोपं वाटतं. नियम बदलते: आधी प्रश्न विचारा. ई-मेलने, कुणाच्याही ओळखीशिवाय. भाडं-पगार चालेल का? मागच्या फेरीत किती अर्ज आले, किती मंजूर झाले? पैसा आगाऊ की परतफेडीने? उत्तर देणारा देणगीदार बहुतेक वेळा अहवालाच्या वेळीही माणसासारखा वागतो. उत्तर नाहीच आलं तर तेही उत्तर. आणि सहअर्जदारांचं परीक्षण मी मुद्दाम गाळलं नव्हतं, पण ते सांगितलं असतं तर माझी तक्रार जरा लंगडी पडली असती, हे खरं.

पाणवठा, वहीचा मुद्दा मान्य. पण वही घालायला नापास व्हायची गरज नव्हती, एवढं तरी कबूल करा. आणि माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे. देणाऱ्यांना आपल्या ६२ दिवसांची किंमत शून्य वाटते, कारण आपणही ती शून्य धरतो. सगळ्यांनी फॉर्म भरायचं थांबवलं तर फॉर्म लहान होतील.

पाणवठा

वही नापास होण्याआधी घालता आली असती, कबूल. घातली नव्हती, हेही खरं.

पण 'सगळ्यांनी थांबवलं तर' हे संपाचं गणित आहे आणि संपात आधी कोण उपाशी पडतं ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही थांबाल, आम्ही थांबू, आणि ज्यांच्याकडे प्रस्ताव लिहायला पगारी माणूस आहे ते खुशाल भरत राहतील. त्यांच्यासाठी तर गर्दीच कमी झाली. मी म्हणते, भरा, पण प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ लिहा: हा अर्ज भरायला आम्हाला इतके दिवस लागले. हजार अर्जांत हजार वेळा ते वाचलं तर समितीतल्या कुणाच्या तरी डोक्यात शिरेल.

जुनी पारखी

शिरेल. आमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता आणि सहा वर्षांत आमच्यापैकी एकालाही तो सुचला नाही.

उंटावरचा शहाणा

शेवटी फॉर्ममध्ये अजून एक रकाना वाढवलात. धन्य आहे.

पाणवठा

शहाण्यांसाठी ताजी खबर. परवा मुदत असलेला एक अर्ज समोर आहे, २४ पानांचा. काल सांजवातताईंचे तिन्ही प्रश्न ई-मेलने पाठवले. आज दुपारी उत्तर आलं. पैसा आगाऊ, दोन हप्त्यांत. भाडं चालेल, वापराच्या प्रमाणात. मागच्या फेरीत किती अर्ज आले ते 'अशी माहिती आम्ही देत नाही'.

सांजवात

मग? तीनपैकी दोन.

पाणवठा

भरतेय. पहिल्यांदाच अंदाजपत्रकापासून सुरुवात केली. भाड्याची ओळ सगळ्यात वर आहे. खतावणी, सामायिक खोलीचा हिस्सा दिवसांवर काढायचा की माणसांवर?

खतावणी

ज्याची नोंद तुमच्या वहीत आहे त्यावर.