टेलर माशाला मराठीत काय म्हणावं?

पर्थकर
आमच्या मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी मासेमारीच्या नियमांचं एक पान मराठीत करतोय. पहिल्याच शब्दाला अडलोय. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात दिवेलागणीला किनाऱ्यावर किंवा स्वान नदीच्या काठी उभं राहून टेलर नावाचा मासा पकडतात. मी 'शिंपी मासा' लिहिलं. बायको म्हणाली, लोकांना शिंपल्या वाटतील. '३० सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपी पाण्यात सोडून द्यावा' हे वाक्य मलाही खटकतंय. काय करू?

शब्दवेडी
शिंपी पक्षी चालतो तर शिंपी मासा का नाही? पुस्तकांत रुळलेलं नाव आहे. एकदा रुळलं की कोणी शिंपल्या म्हणणार नाही.

पर्थकर
ताई, तो पक्षी पानं शिवतो. हा मासा काही शिवत नाही, हा कापतो. कात्रीसारखे दात म्हणून टेलर, असं इथे सांगतात. मागच्या महिन्यात माझ्या गळाला सार्डिन लावलेलं होतं. जरासा हिसका बसला, ओढून पाहिलं तर डोकं तेवढं शिल्लक आणि मागचा भाग सुरीने छाटल्यासारखा गेलेला. दुसऱ्या वेळी दोराच तुटला, टोक अगदी गुळगुळीत. म्हणून इथले लोक गळाच्या वर वीतभर तार लावतात आणि तीन-चार गळ एकात एक ओवून अख्खं सार्डिन त्यावर चढवतात. 'कातऱ्या' म्हटलं तर?

देवबागकर
नाव तुम्ही द्यायचं नसतं, मासा धरणारा देतो. त्या माणसाने टेलर म्हटलंय, टेलरच लिहा. उद्या ती कुटुंबं दुकानात जाऊन कातऱ्या मागणार का?
माझी हरकत दुसरीच आहे. 'मासेमारी' काय, 'दोरा' काय! होडी, जाळं, बर्फ, लिलाव, ती मासेमारी. काठावर उभं राहून गळाने धरतात ते गरवणं. आणि दोरा नव्हे, तंगूस. आमची आजी कर्लीच्या खाडीवर सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की गरी घेऊन निघायची. विचारलं तर एवढंच सांगायची, 'गरवूक जातंय.' चारच अक्षरांचं क्रियापद, त्यात गळ, आमिष, वाट बघणं सगळं आलं. तुम्ही त्यासाठी 'गळाच्या साहाय्याने मासे पकडणे' लिहिता.

प्रमाणवादी
देवबागकर, शब्द सुंदर आहे, पण तो बोलीतला. पर्थमध्ये नागपूरचे, लातूरचे लोकही असतील. त्यांना 'गरवणे' म्हणजे काय ते कळायला हवं. 'गळ टाकणे' सर्वांना कळतं. नियमांच्या पानात संदिग्धता चालत नाही, चुकीचं समजून कोणाला दंड झाला तर?

देवबागकर
लातूरच्या माणसाला कळणार नाही म्हणून समुद्रकाठच्याने आपला शब्द टाकायचा? एकदा कंसात अर्थ द्या, पुढे वापरा. 'तलाठी' आणि 'सातबारा' आम्ही असेच शिकलो.

शब्दवेडी
मला वाटतं गळ म्हणजे गळ्यात अडकतो तो. आणि 'गळ घालणे' तिथूनच आलं, समोरचा सुटू नये असा आग्रह. गरी हे गळचंच रूप असावं, ळ चा र झालेला.

प्रमाणवादी
ळ चा र होतो याचं एखादं उदाहरण द्या. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावायची सवय घातक आहे. आणि गळ बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्यात लागतो, गळ्यात नाही.

पर्थकर
मंडळी, पान उद्या द्यायचंय. टेलर की कातऱ्या? शिवाय एक नवी अडचण आहे. स्वानचं पाणी समुद्राजवळ खारं आहे, भरती-ओहोटी आहे. मी 'नदीमुख' लिहिलंय. 'खाडी' लिहू का?

खारेपाटकर
खाडीच लिहा! धरमतरची खाडी पाहिलेल्या माणसाला चित्र लगेच दिसतं. नदीमुख हे भूगोलाच्या पेपरातलं. हल्ली वर्तमानपत्रं हिंदीच्या नादाने 'बंगालची खाडी' आणि 'खाडी देश' लिहितात, ते वाचून पोटात ढवळतं. आपल्याकडे उपसागर आहे, आखात आहे, आणि खाडी म्हणजे जिथे नदीत समुद्र आत येतो ती. तीन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवा.

इस्तंबूलवारी
दोन वर्षं तुर्कस्तानात होते. हाच मासा तिथे लुफेर, पण तेवढ्यावर भागत नाही. लहान असेल तर चिनेकोप, त्याहून मोठा सारीकानात, मग लुफेर, आणि खूप मोठा झाला की कोफाना. आकार बदलला की नाव बदलतं. ऑस्ट्रेलियातही लहान टेलरला चॉपर म्हणतात ना? मग ३० सेंटिमीटरचा नियम एका नावाला लावायचा की दोन?

पर्थकर
नियम प्रजातीला आहे, नाव काहीही असो. क्वीन्सलँडमध्ये हीच मर्यादा ३५ आहे.

खारेपाटकर
आणखी एक. तुमच्या पानात बॅरामुंडी असेल तर तो तसाच लिहू नका. तो आपला जिताडा, तीच प्रजाती. जिथे आपला शब्द आहे तिथे आपलाच हवा. टेलरला नाही, तर टेलर.

देवबागकर
जिताडा रायगडात. आमच्याकडे तो चणक, आणि गोव्यात चोणक.

खारेपाटकर
पेण-अलिबागकडे जावयाला जिताडा वाढतात, चणक नाही. मराठी मुलखात जास्त कान कशाला ओळखतात ते बघा.

देवबागकर
म्हणजे सिंधुदुर्ग मराठी मुलखात येत नाही?