मदत हवी आहे : मॅरेथॉनचा सराव, लेक आणि घरचे फोटो

नमस्कार. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी माझा सराव चालू असून, रविवारी पहाटे दादरहून नरिमन पॉइंटपर्यंत धावून परतल्यावर मी जो आडवा होतो, तो लेकीने पोटावर ठोकळे रचले तरी उठत नाही. पत्नी हे सारे इन्स्टाग्रामवर टाकते आणि नातेवाईक कौतुक करतात (आत्या मात्र ‘घरी असतोस कधी?’ असे विचारते). स्ट्राव्हावर (धावण्याची नोंद व मार्ग दाखवणारे ॲप) मार्गाची घराजवळची सुरुवात व शेवट लपवता येतो, तो मी लपवला आहे. पण लेकीच्या शाळेच्या गणवेशातील फोटोंचे काय करावे? पत्नी खाते खासगी करण्यास तयार आहे, तथापि मेव्हण्या तेच फोटो पुढे पाठवतात. धावणाऱ्या पालकांनी रविवार कसा वाटून घेतला आणि फोटोंबाबत नातेवाइकांना न दुखावता कसे सांगितले, हे कृपया सविस्तर कळवावे.