बॅरिस्टर आधी, मालिका नंतर

कुणीतरी लिहिलंय की अभिनेते विक्रम गोखले म्हणजे मालिकेतले करारी वडील, टीव्हीमुळेच नावारूपाला आलेले. हे मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

टीव्ही घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, 1977 साली, विजया मेहतांनी जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' हे नाटक बसवलं. विलायतेहून शिकून आलेला, सुधारक विचारांचा, पण घराण्यातलं वेड आपल्यातही उतरेल या भीतीनं आतून पोखरलेला माणूस गोखल्यांनी त्यात उभा केला. आणि गोखल्यांचं स्वतःचं घराणं तर बघा! आजी कमलाबाई 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात, वडील अभिनेते चंद्रकांत गोखले.

आता टीव्हीचं. गोखल्यांची 'अग्निहोत्र' मालिका लागायची तेव्हा आमच्या अमळनेरच्या घरी आजी भाकरीची परात बाजूला सारून, पिठाच्या हातानंच पुढ्यात येऊन बसायची. वाक्य अर्ध्यावर थांबवून गोखले नुसते बघत राहायचे, तेव्हा घरात चिडीचूप. एकदा ती हळूच म्हणाली, "हाऊ बोलस नही, तरी बी समजस." (हा बोलत नाही, तरी समजतं.) त्या थांबण्याबद्दल इतकं नेमकं मी कुठल्याच परीक्षणात वाचलेलं नाही.

'अनुमती' चित्रपटासाठी गोखल्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही इरफान खानबरोबर विभागून. पण 2016 मध्ये घशाच्या दुखण्यानं त्यांना रंगभूमी सोडावी लागली, ते वाचून मी खरंच हळहळलो. कॅमेऱ्यासमोर ते नंतरही उभे राहिले. नोव्हेंबर 2022 मध्ये गेले, तेव्हा आजी नव्हती.