दादरचे दोन ‘एक नंबर’ आणि आजचे फलाट: इतिहास व सोयींविषयी माहिती हवी आहे

बदलापूरची_लेक

नमस्कार. माझे वडील प्रभादेवीच्या एका छापखान्यात जवळपास तीस वर्षे नोकरी करत होते आणि त्या सर्व काळात रोज दादरला गाडी बदलत होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असून पुढचे काही महिने त्यांना आठवड्यातून एकदा बदलापूरहून अंधेरीला उपचारांसाठी न्यायचे आहे. गेल्या आठवड्यात आम्ही प्रथमच गेलो. पुलावर उभे राहून बाबा मला विचारू लागले, ‘पश्चिमेचा एक की मध्यचा एक?’ आणि वरच्या पाटीवर मात्र आठ, नऊ, दहा असे आकडे दिसत होते. ज्या स्थानकात ते डोळे मिटून फिरले असते, तिथे त्यांना दुसऱ्यांना विचारावे लागले, याचे त्यांना फार वाईट वाटले.

माझे दोन प्रश्न आहेत. एकाच स्थानकात दोन एक नंबरचे फलाट मुळात का होते, आणि ते कधी व कसे बदलले? दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर कमीत कमी त्रासात कसे नेता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवणार आहे, त्यामुळे सविस्तर लिहिले तरी चालेल.

रूळ_आणि_काळ

आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण दादर हे बांधणीच्या वेळी एक स्थानक नव्हतेच. दोन वेगवेगळ्या खासगी कंपन्यांचे रूळ तिथे एकमेकांच्या शेजारून गेले आणि प्रत्येक कंपनीने आपापले स्थानक उभारले.

पूर्वेकडचा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जिला जुनी माणसे जीआयपी म्हणत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी याच मार्गाने गेली. पश्चिमेकडचा मार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीचा. तिने गुजरातेतून दक्षिणेकडे रूळ टाकत आणले आणि १८६४ साली ते ग्रँट रोडपर्यंत पोहोचवले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हाच्या थांब्यांच्या यादीत माहीम आणि ग्रँट रोड यांच्यामध्ये दादरचे नाव आढळते. दोन्ही कंपन्यांचे रूळ एकाच रुंदीचे, ब्रॉड गेजचे होते, तेव्हा दोघींनी मिळून एक सामाईक स्थानक बांधायला तांत्रिक अडचण नव्हती. परंतु दोघींचे भांडवल, हिशेब, तिकिटे आणि नोकरवर्ग स्वतंत्र होता. शेजारणीच्या प्रवाशाला आपल्याकडे यायला सोपे जावे, असा विचार करण्याचे कारण त्यांना त्या काळी दिसले नसावे, कारण दादर तेव्हा मुंबईच्या वस्तीबाहेरचे नारळी-पोफळींचे आणि भातशेतीचे गाव होते.

वस्ती नंतर आली, आणि ती एका संकटातून आली. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीची जुनी मुंबई मोकळी करण्यासाठी १८९८ साली मुंबई सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी असे आजचे रुंद रस्त्यांचे भाग उभे राहिले. विजेवरच्या गाड्यांनी या वाढीला वेग दिला. जीआयपीची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत धावली आणि पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली हा मार्ग जानेवारी १९२८ मध्ये विजेवर आला. ट्रामही दादरपर्यंत येत असे. आज ‘दादर टीटी’ म्हणताना आपण ट्रामच्या अखेरच्या स्थानकाचेच नाव घेतो. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम धावली, तीसुद्धा बोरीबंदर ते दादर.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जुन्या कंपन्यांच्या जागी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे असे दोन विभाग सरकारी व्यवस्थेत आले, पण दादरची विभागणी तशीच राहिली. दोघांनीही आपले फलाट पश्चिमेच्या टोकापासून मोजायला सुरुवात केलेली होती. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे दोन्हीकडे पश्चिमेचा पहिला फलाट शहराबाहेर जाणाऱ्या धीम्या लोकलचा आला. एक नंबर दोन झाले, आणि दोन्ही ‘एक’वर धीमी लोकलच लागायची, एक विरारच्या दिशेची आणि एक कल्याणच्या दिशेची. नवख्या माणसाचा गोंधळ यामुळे दुप्पट होत असे.

हा क्रम ९ डिसेंबर २०२३ पासून बदलला. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक कायम ठेवले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना पुढचे ८ ते १४ हे क्रमांक दिले. आपल्या वडिलांसाठी जुन्या-नव्याचा मेळ असा सांगता येईल: मध्यचा जुना एक नंबर आता आठ झाला. जुना दोन नंबर अस्तित्वात राहिला नाही, कारण सप्टेंबर २०२३ मध्ये तो बंद करून एक नंबरच्या फलाटाची रुंदी सुमारे ७ मीटरवरून साडेदहा मीटर करण्यात आली. त्यापुढे जुना तीन म्हणजे नऊ, चार म्हणजे दहा, आणि याच क्रमाने जुना आठ म्हणजे चौदा. जुन्या आकड्यात सहा मिळवले की नवा आकडा मिळतो. अपवाद फक्त जुन्या एकचा.

पासधारक_१९८१

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी व्यवहाराच्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या आईला मी याच मार्गाने पाच वर्षे नेत होतो.

ताई, सर्वप्रथम तिकिटाविषयी. बदलापूर ते अंधेरी असे एकच तिकीट दादरमार्गे चालते, दादरला उतरून पुन्हा तिकीट काढावे लागत नाही. परतीचे तिकीटही सकाळीच काढून ठेवावे, म्हणजे वडिलांना अंधेरीच्या रांगेजवळ उभे राहावे लागणार नाही.

आता पुलाविषयी. आपली बदलापूरची लोकल जलद असेल तर ती मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गाच्याही पूर्वेला लागते. पश्चिम रेल्वेवर अंधेरीसाठी धीमी लोकल पकडायची ठरवली, तर ती अगदी पश्चिमेच्या टोकाला, फलाट १ वर मिळते. म्हणजे पुलाची जवळजवळ पूर्ण लांबी चालून जावी लागते. जलद लोकल पश्चिम रेल्वेवरही धीम्या मार्गाच्या पूर्वेला लागतात, त्यामुळे अंधेरीला थांबणारी जलद लोकल घेतल्यास चालणे बरेच वाचते. गर्दी मात्र जलद लोकलमध्ये अधिक असते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेतीन या वेळात जाणे जमत असेल तर जलद घ्यावी, आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाण्याची वेळ आली तर चालण्याचा त्रास पत्करून धीमी घ्यावी, असे माझे मत आहे. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये अंधेरीला उतरणे धडधाकट माणसालाही जड जाते.

दादरला लिफ्ट आणि सरकते जिने दोन्ही आहेत, परंतु प्रत्येक पुलाला आणि प्रत्येक फलाटाला ते असतीलच असे धरून चालू नये. एकदा आपण एकट्याने जाऊन कोणत्या पुलावरून कोणत्या फलाटावर लिफ्ट उतरते ते पाहून यावे, आणि गाडीत त्या लिफ्टसमोर येणाऱ्या डब्यात बसावे. मी आईसाठी डब्यांचा हिशेब एका कागदावर लिहून खिशात ठेवला होता आणि त्याचा खरोखर उपयोग झाला. सरकत्या जिन्यावर काठी घेऊन चढणे धोक्याचे आहे. लिफ्ट नसेल तर साधा जिना बरा, कठड्याला धरून, सावकाश. चाकाची खुर्ची हवी असल्यास स्थानक उपव्यवस्थापकांच्या कार्यालयात विचारावे. अडचण आल्यास १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे.

गाडीत चढताना फलाट आणि डबा यांमधील पोकळीकडेही लक्ष असू द्यावे. २०१४ मध्ये घाटकोपरला झालेल्या भीषण अपघातानंतर मुंबईतील फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला गती आली आणि बहुतेक ठिकाणी पायरीची उंची पूर्वीपेक्षा कमी झाली, तरी गुडघे नुकतेच सावरलेल्या माणसाला अडखळायला तेवढे अंतरही पुरेसे असते.

चैत्यभूमीचा_शेजारी

मी दादर पश्चिमेला जन्मलो आणि अजूनही तिथेच राहतो, त्यामुळे एका मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. आकडे सलग झाले म्हणजे स्थानक एक झाले, असा समज ‘रूळ_आणि_काळ’ यांचे उत्तर वाचून होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन विभाग, दोन स्थानक व्यवस्थापक, दोन तिकीटघरे आणि दोन स्वतंत्र उद्घोषणा अजूनही आहेत. पश्चिमेची गाडी उशिरा येत असेल तर ते मध्यच्या फलाटावर उभ्या असलेल्याला कळत नाही, पुलाच्या मध्यावर पोहोचल्यावरच कळते. आपल्या काकांसारख्या प्रवाशाला हीच माहिती गाडीतून उतरतानाच मिळाली, तर ते कुठल्या लोकलसाठी चालायचे ते आधी ठरवू शकतील. क्रमांक सलग करणे हे चांगले काम झाले आहे, त्याबद्दल दुमत नाही, पण प्रवाशाच्या दृष्टीने तो आरंभ आहे.

दादर खऱ्या अर्थाने एक झालेले मी वर्षातून एकदा पाहतो. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली माणसे मध्य रेल्वेच्या फलाटांवर उतरतात, पूल ओलांडून पश्चिमेला येतात आणि रांगेने समुद्राकडे चालू लागतात. त्या दिवसांत मध्यरात्री विशेष लोकल सोडतात, पुलांवर येण्या-जाण्याच्या दिशा ठरवून दिल्या जातात, वाट दाखवणारे स्वयंसेवक जागोजाग उभे असतात. माझे वडील दर वर्षी पुलाच्या पायथ्याशी पाणी घेऊन उभे राहत, आता मी राहतो. डोक्यावर गाठोडे आणि हाताला नात धरलेल्या आजींना त्या गर्दीतही कुणी धक्का देत नाही. वाट नीट आखून दिली तर हेच पूल किती माणसे सुखरूप पार करू शकतात, ते तिथे दिसते.

काकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट, कारण त्यांचे आयुष्य छापील अक्षरांत गेले आहे. स्थानकाच्या पश्चिमेला फूलबाजाराजवळचा जो उड्डाणपूल आहे, त्याला कवी केशवसुतांचे नाव आहे. आणि दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला २०१७ मध्ये ‘तुतारी एक्स्प्रेस’ हे नाव देण्यात आले, तेही केशवसुतांच्याच कवितेवरून. कोकणातल्या मालगुंडच्या कवीचे नाव एकाच स्थानकाच्या रस्त्यावर आणि रुळांवर असे दोन्हीकडे आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

रूळ_आणि_काळ

‘चैत्यभूमीचा_शेजारी’ यांची दुरुस्ती मान्य आहे. मी क्रमांकांपुरतेच लिहिले होते. जाता जाता, ‘दादर’ या शब्दाचा मराठीतला अर्थच जिना असा आहे आणि गावाच्या नावाची व्युत्पत्ती पुष्कळदा त्यावरून सांगतात. या धाग्यात आपण सारे जिन्यांविषयीच बोलत आहोत, म्हणून आठवले.

कुर्ला_ते_कल्याण

इतिहास वाचायला फार आवडला, पण ताई, बदलापूरहून अंधेरीला जाण्यासाठी दादरपर्यंत जाण्याची गरज आहे का? घाटकोपरला उतरून मेट्रोने थेट अंधेरी गाठता येते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो जून २०१४ पासून सुरू आहे, तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि फलाट व डबा एका पातळीत असतात, त्यामुळे गुडघ्यांना चढउतार कमी पडते. तिकीट वेगळे काढावे लागेल आणि सकाळी घाटकोपरच्या पुलावर गर्दी प्रचंड असते, हे लक्षात ठेवून दुपारची वेळ घ्यावी. दक्षिणेकडे जाऊन पुन्हा उत्तरेकडे येण्याचा वळसाही वाचेल.

बदलापूरची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. ‘जुन्या आकड्यात सहा मिळवायचे’ हे त्यांनी दोनदा म्हणून पाहिले आणि मग तीन म्हणजे नऊ, चार म्हणजे दहा, असे स्वतःच मोजत बसले. जुना दोन नंबर आता नाही हे ऐकून मात्र ते थोडा वेळ गप्प झाले. रात्रपाळी संपल्यावर दादरहूनच सुटणारी लोकल ते तिथेच पकडत असत, बसायला जागा मिळावी म्हणून.

घाटकोपरची सूचना आम्हाला सोयीची आहे आणि पुढच्या आठवड्यापासून जाताना तसेच जाऊ. परत येताना मात्र एकदा तरी दादरमार्गे यायचे, असे बाबांनी ठरवले आहे. त्यासाठी मी रविवारी एकटी जाऊन लिफ्टच्या जागा आणि डब्यांचा हिशेब लिहून आणते, आणि इथेच सविस्तर देते, म्हणजे दुसऱ्या कुणाला आपल्या आईवडिलांना न्यायचे असेल तर तो कागद त्यांनाही वापरता येईल.