ओम्नीचा ब्लॉक बोअर करावा का दुसरा टाकावा? जळगाव-धुळ्याकडच्यांनी सांगा

अमळनेरकर_१९

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०११ ची ओम्नी आहे, ७९६ सीसी एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनवाली). बाजाराच्या दिवशी भाजीपाला आणि एरवी घरची माणसं, दोन्ही तिच्यावरच. मागच्या आठवड्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाण्याचा पाइप फुटला, तापमानाचा काटा वर गेला, लगेच बाजूला घेऊन बंद केली पण तेवढ्यात हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलंच, ऑइलमध्ये पाणी जाऊन ते दुधाळ झालं. इथल्या मिस्तरींनी हेड उतरवलं तर तीन नंबरच्या सिलिंडरला उभे ओरखडे निघाले, नख फिरवलं की अडकतं. बाकी दोन चकचकीत दिसतात पण वरच्या कडेला पायरी लागते.

मिस्तरी म्हणतात हा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) गेला, धुळ्याला भंगारात मिळतो तो आणून टाकू. जळगावचा बोअरिंगवाला (मशीनवर सिलिंडर कापून मोठा करून देणारा) फोनवर म्हणतो ०.५० मिमी मोठ्या पिस्टनमध्ये बसेल, घेऊन या. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, मजुरी सगळं धरलं तर दोघांचा खर्च जवळपास सारखाच येतोय म्हणून डोकं चालत नाहीये. गाडी विकायची नाही, अजून पाच-सात वर्षं वापरायचीच आहे. काय करू?

बोअरबार_भुसावळ

भाऊ, नुसतं डोळ्यांनी पाहून ब्लॉक गेला का राहिला हे कोणीच सांगू शकत नाही, तुमचे मिस्तरी नाही आणि मीपण नाही. ब्लॉक पूर्ण मोकळा करून डायल बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं साधन) लावायला सांगा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या लायनीत, एकदा आडवा. म्हणजे एकाचे सहा आकडे, तिघांचे अठरा. समोर उभं राहून कागदावर लिहून घ्या. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, क्रँकच्या लायनीतल्या आणि आडव्या मापातला फरक म्हणजे ओव्हल. तुमचा स्टँडर्ड बोअर ६८.५० मिमी आहे, टेपर नाहीतर ओव्हल ०.१० च्या वर गेला की नुसत्या रिंगा टाकून भागत नाही. ती पायरी म्हणजे टॉप रिंग जिथून परत फिरते तिथली झीज, तिथे ऑइल कमी आणि जाळ जास्त.

आता ओरखड्याचं नीट समजून घ्या कारण इथेच लोकं फसतात. ०.५० ओव्हरसाइज म्हणजे अर्धा मिमी खोल रेघ निघेल असं वाटतं, पण ०.५० हे व्यासात वाढतं, एका बाजूच्या भिंतीवरून निघतं फक्त ०.२५. तुमची रेघ त्याहून खोल असेल तर बोअर करूनपण तळाशी राहणार आणि गाडी ऑइल खाणार. तसं निघालं तरी ब्लॉक फेकायचा नसतो, त्या एका सिलिंडरला ड्राय स्लीव (आतून बसवायची नवी नळी) ठोकता येते. पण ते काम प्रेस आणि मोजमाप नीट असलेल्याकडेच करा, स्लीव ढिली बसली तर उष्णता भिंतीत जात नाही.

आणि गाडी तापलेली आहे म्हणून क्रॅकची टेस्ट आधी, बोअरिंग नंतर. पाण्याचे सगळे रस्ते बंद करून हवा भरायची, ब्लॉक गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे येतात का बघायचं. लाल डायने फक्त वरचा क्रॅक दिसतो, आतला दिसत नाही. मेन बेअरिंगच्या (ज्यात क्रँक फिरतो त्या) बैठकीला क्रॅक निघाला तर मीच म्हणेन बदला. तसं काही नसेल तर बिडाचा ब्लॉक इतक्या सहज जात नाही, ओम्नीत तापल्यावर आधी वाकतं ते हेड, कारण ते अॅल्युमिनियमचं आहे.

पारोळा_एक्स्प्रेस

दादा, ब्लॉक आजून फेकू नका. आधी मोजी ल्या, मंग बोला. भंगारवाला कधी सांगस का, ती गाडी कितली तपेल व्हती?

शहादा_३९

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या ओम्नीत जुनं इंजिन टाकलं, चांगली चाली राहिली. पण त्यांनी नुसता ब्लॉक नाही घेतला, चालू असलेलं पूर्ण इंजिन घेतलं, समोर स्टार्ट करून, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन लावून. ज्याची गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो त्याला दोन आठवडे थांबणं परवडत नाही, बोअरिंगवाल्याकडे नंबर लागतो, पिस्टन यायला वेळ लागतो, हेपण धरा.

नुसता सुटा ब्लॉक घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी. एक, मारुती ८०० चं इंजिनपण ७९६ सीसीच पण ते पुढे आडवं बसतं, ओम्नीचं सीटखाली उभं. माउंटिंग आणि गिअरबॉक्सकडची बाजू जुन्या ब्लॉकशी ताडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कार्बोरेटरवाल्याचा एमपीएफआयला चालेल असं गृहीत धरू नका. दोन, मेन बेअरिंगच्या कॅपा त्याच ब्लॉकच्या पाहिजेत. त्या ब्लॉकला बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात, दुसऱ्याच्या लावल्या तर क्रँक अडकतो. कॅपा नसलेला ब्लॉक फुकट दिला तरी घेऊ नका. तीन, इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो. ब्लॉक बदलला म्हणजे आरसीवरचा नंबर जुळणार नाही, त्यामुळे बिल घ्या, नंबर घासलेला नाही हे बघा आणि आरटीओला कळवून नोंद करून घ्या, गाडी एमएच १८ असो, १९ असो का ३९. पुढे इन्शुरन्सच्या वेळेस नाहीतर विकताना हेच आडवं येतं.

बोअरबार_भुसावळ

शहादावाल्या भाऊंचं चालू इंजिनाचं बरोबर आहे. माझा आक्षेप सुट्या ब्लॉकला आहे. तो आणला तरी मोजावाच लागणार आणि बहुतेक वेळा बोअरपण करावा लागणार, मग एका झिजलेल्या ब्लॉकच्या जागी दुसरा झिजलेला आणून मिळवलं काय? आपल्या ब्लॉकचं निदान सगळं माहिती असतं, किती चालला, कुठे तापला, कोणतं ऑइल पडलं. समोरच्याचा कधीतरी ०.५० मध्ये आधीच बोअर झालेला निघतो, मग त्यात पुढे वाव राहत नाही.

अमळनेरकर_१९

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लॉक जळगावला नेला, समोर उभा राहून मोजून घेतला. एक आणि दोन नंबर वरती ६८.५८, खाली ६८.५१. तीन नंबर वरती आडवा ६८.६६, खाली ६८.५२. ओरखडे ०.५० मध्ये पूर्ण निघतील असं तो म्हणतो. प्रेशर टेस्ट केली, बुडबुडे नाहीत. ब्लॉकच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून ०.०५ ची फीलर घातली, कुठेच शिरली नाही. हेड मात्र वाकलंय, फेसिंग (तोंड मशीनवर सपाट) करावं लागेल. आता विचार असा की फक्त तीन नंबर बोअर करून बाकी दोनला रिंगा टाकाव्या का, खर्च वाचेल.

बोअरबार_भुसावळ

नको भाऊ. तीन नंबरचा टेपर ०.१४ आहे म्हणजे तो बोअर होणारच, पण तीनही एकाच मापात करा. वेगवेगळ्या वजनाचे पिस्टन एका क्रँकवर नको, आणि उरलेले दोन अजून दीड-दोन वर्षांत ऑइल मागायला लागले तर परत सगळं खोलणं आलं. आकडे बघता तुमचा ब्लॉक ठेवण्यासारखाच आहे.

पण पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवू देऊ नका. ०.५० चे तिन्ही पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचे, त्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) धरून बोअर करायचा, उलटं नाही. शेवटची बारीक मात्रा होनिंगसाठी (दगडाने आतून घासण्यासाठी) ठेवायला सांगा आणि होनिंगच्या तिरक्या रेघा एकमेकींना काटणाऱ्या, एकसारख्या दिसल्या पाहिजेत, त्यातच ऑइल टिकतं. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) त्याच दिवशी मोजून घ्या, मिस्तरी हे विसरतात.

होनिंगनंतर बरेच जण डिझेल मारून पुसतात आणि फिटिंग करतात. त्याने दगडाची भुकटी रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा ती भुकटीच खाते. गरम पाणी आणि साबण घेऊन ब्रशने घासायचं, पांढरं फडकं ऑइल लावून आत फिरवायचं, ते काळं येणं बंद होईपर्यंत धुवायचं, मग लगेच ऑइल लावून ठेवायचं नाहीतर बिडाला तासाभरात गंज धरतो.

अमळनेरकर_१९

ठरलं, तिन्ही ०.५०. पिस्टन सांगितले. पाण्याचं काही करावं का? आमच्या बोअरवेलचं पाणी फार क्षाराचं आहे, ब्लॉकच्या आत पांढरा थर बसलाय.

शहादा_३९

ब्लॉक मोकळा आहे तोवरच पाण्याचे प्लग (ब्लॉकला बाहेरून बसवलेली झाकणं) काढून आतला थर साफ करून घ्या, नंतर हात जात नाही. प्लग नवीन टाका. बोअरवेलचं पाणी परत टाकू नका, आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, थर असला की रेडिएटर कितीही नवा असो उपयोग नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. ओम्नीत रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली असल्याने लांब पाइप जातात, ते लोखंडी पाइप गंजतात, सगळे हाताने दाबून-ठोकून बघा आणि रबरी पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण बदलूनच टाका. भरताना हवा पूर्ण काढा, हीटर चालू ठेवून. पहिले ५०० किमी झाले की ऑइल-फिल्टर बदला आणि तोपर्यंत भाजीचं पूर्ण वजन भरू नका.