संत्र्याला इस्रायली पद्धत : काळ्या जमिनीत बेड लागतोच का, आणि ठिबक किती वेळ?

काटोल_बगीचा
नागपूरच्या कृषी महाविद्यालयातलं इंडो-इस्रायल गुणवत्ता केंद्र पाहिलं. झाडांचं अंतर 6 × 3 मीटर, लागवड बेडवर (मातीच्या उंच वाफ्यावर), ठिबकची डबल नळी. माझं वावर 2 एकर, भारी काळी जमीन, विहिरीवर 5 एचपी. सपाट जमिनीवर नुसत्या नळ्या टाकल्या तर चालेल का? आणि वेळ कोणी 1 तास सांगतं, कोणी 4. नेमकं काय धरायचं?

माती_पाणी
भाऊ, नळी नंतर, बेड आधी. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुडाशी पाणी तुंबतं. काळी माती फुगली की तिच्यातली हवा जाते, फायटोफ्थोरा ही बुरशी मुळं कुजवते आणि खोडावर डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) दिसतो. म्हणून तिकडची नळी इथं आणताना बेड सोबत आणावाच लागतो.

उंची दीड-दोन फूट, बेड उताराच्या दिशेनं. दोन बेडमधला चर वावराबाहेर काढा. तो धुऱ्याशी अडला तर बेड केला काय न केला काय, सारखंच. कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.

ठिबक_हिशोब
तासांत मोजू नका, लिटरमध्ये मोजा. रोजचं बाष्पीभवन (मिमी) × 0.7 (बाष्पीभवन-पात्राचा गुणांक) × 0.7 (पिकाचा गुणांक) × झाडाच्या सावलीचं क्षेत्रफळ (चौ. मी.). मे महिन्यात बाष्पीभवन 12 मिमी धरलं आणि घेर 3 मीटर व्यासाचा असला, तर झाडाला रोज साधारण 42 लिटर. घेर 1 मीटरचा असेल तर जेमतेम साडेचार लिटर! दोन्ही झाडांना 4 तास देणारा सल्ला कुठून येतो कोण जाणे.

दर 75 सेंमीला 4 लिटरची तोटी, दोन नळ्या, म्हणजे झाडामागे 8 तोट्या, तासाला 32 लिटर. मोठ्या झाडाला सुमारे 80 मिनिटं पुरे. एकरी 224 झाडं, म्हणजे दोन एकराला तासाला 14 हजार लिटरच्या वर लागतात. मोटर तेवढं देत नसेल तर दोन व्हॉल्व्ह करून एकेक एकर भिजवा. नळी खोडाला खेटून नको, दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटावर. झाड वाढेल तशी बाहेर सरकवा.

काटोल_बगीचा
ताणाच्या वेळी, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडतो तेव्हा, ठिबक पूर्ण बंद? आणि विहिरीचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो.

माती_पाणी
आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांसाठी) पूर्ण बंद. रोज थोडं थोडं चालू ठेवलं की ताण बसत नाही आणि फुलाऐवजी नवती (नवी पालवी) फुटते. भारी जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात, तेव्हा कॅलेंडरपेक्षा पानं पाहा. पानं मलूल होऊन पाव भाग गळाली की पाणी सुरू करा, पहिलं हलकं.

ठिबक_हिशोब
पांढरा थर म्हणजे तोट्या बुजणारच. नळीच्या शेवटच्या तोटीखाली मापाचं भांडं ठेवा. 15 मिनिटांत 1 लिटर यायला हवं. 900 मिलीच्या खाली गेलं की आधी नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्या. तरी फरक पडला नाही तर ॲसिड : पाण्याचा सामू (pH) 4 वर येईल इतकं हायड्रोक्लोरिक सोडा, 24 तास नळीत राहू द्या, मग टोकं उघडून धुवा. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही. शेवाळासाठी क्लोरीन द्यायचं असेल तर वेगळ्या दिवशी, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.